काटवट म्हणजे पाळणा नव्हे

आई, मागच्या महिन्यात आपल्याकडच्या संग्रहालयात काटवट पाहिली. तुझी नव्हे, पण हुबेहूब तशीच : अख्ख्या लाकडातून कोरलेली, कडा झिजलेल्या, मधला भाग पीठ मळून मळून गुळगुळीत झालेला. खाली पाटी होती, ‘लहान मुलाला निजवण्याचे लाकडी पात्र’. माझं डोकंच फिरलं. मला डोळ्यांसमोर आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. मी अजून सोलापूरच्या कॉन्व्हेंटात गेलेली नाही. काटवटीत पाय पसरून बसले आहे, होडी होडी खेळते आहे. तू चुलीपाशी, पाठमोरी. वळून न बघताच तुला कळतं आणि पाठीत धपाटा बसतो. “भाकरीच्या काटवटीत बुड टेकतीस व्हय गं?” मग तीच काटवट धुऊन तू तिच्यात पीठ मळलंस, धपाटे केलेस आणि तव्यावरचा पहिला मलाच दिलास. एकाच दिवशी दोन्ही धपाटे खाल्लेल्या बाईला ही पाटी सांगणार, की इथं बाळ निजवायचे!

त्या दिवशी संग्रहालयानं आसपासच्या गावांतल्या बायकांना मुद्दाम बोलावलं होतं. इंटरनेटवर एक मुक्त ज्ञानकोश आहे, त्यात कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं. तिथं या जुन्या वस्तूंची माहिती आम्ही मराठीत लिहायची होती. मी तिथल्या अधिकारी मुलीला पाटीपुढं उभी केली आणि धपाट्यांची हकिकत ऐकवली. ती मनापासून हसली, पाटी लगेच काढलीसुद्धा. पण म्हणाली, ज्ञानकोशात ‘माझी आई म्हणायची’ एवढ्यावर भागत नाही, छापील आधार लागतो. मी म्हटलं, “पाटीसुद्धा छापीलच होती की.” बिचारीनं लगेच वाचनालयातून जाडजूड शब्दकोश मागवला. त्यात निघाली ‘काथवट’, पीठ मळायचं लाकडी पात्र. मी जिंकले होते, पण माझ्या शेजारी बसलेल्या अणदूरच्या मावशी फणकारल्या, “काथवट कुठली? काटवट म्हणत्यात. त्या पुस्तकवाल्यानं कधी भाकरी थापलेली न्हाय.” सगळ्या जणी खो खो हसल्या. मग पानाचं शीर्षक ‘काथवट’ झालं, पण पहिल्याच ओळीत आपली ‘काटवट’ बसवली. ती ओळ मी स्वतः टाइप केली.

शब्द कसा उच्चारतात ते ऐकवायची सोयही तिथं आहे. मी टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेली, म्हणून आवाज द्यायला सगळ्यांनी मलाच पुढं ढकललं. मी सिस्टरांनी शिकवलं तशी ताठ बसले आणि स्वच्छ म्हटलं, काटवट. मावशींनी तोंड वाकडं केलं. “बाई, बातम्या देताव काय? चूल पेटलीय असं म्हणा की.”

चूल पेटली की तू पूर्ण वाक्य कधी बोलायची नाहीस, आठवतं? नुसतं “काटवट” म्हणायचीस, शेवटाला झटका देऊन, आणि मी असेन तिथून ती उचलून आणायची. सुट्टीत घरी आले की माझं इंग्रजी, माझे बूट, माझा तोरा, सगळं त्या एका शब्दासरशी अंगणात राहायचं. मी डोळे मिटले आणि तुझ्यासारखं म्हटलं. मावशी म्हणाल्या, “आता कसं.”

आता पानावर त्या शब्दाशेजारी एक बटण आहे. जगात कुणीही दाबावं, तुझा झटका ऐकावा. तू गेलीस तिथं पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा हे इथंच टेबलावर माझ्या चष्म्याखाली राहील, म्हणून कबूल करायला हरकत नाही. सकाळी चहा घेताना मी ते बटण दाबते. आवाज माझाच आहे हे मला पक्कं ठाऊक असतं, तरी दरवेळी खुर्चीतून अर्धी उठते.