संत फ्लोरियानचं शिरस्त्राण

७ एप्रिल, सोमवार
आज सकाळी मिस्साच्या उपासनेआधी शिडी लावली आणि संत फ्लोरियानच्या डोक्यावरचं शिरस्त्राण काढून घेतलं. चोरलं नाही. उसनं घेतलं. चर्चचा सेवक मीच, तेव्हा ईस्टरआधीच्या रिवाजाप्रमाणे सगळ्या मूर्ती मी कालच जांभळ्या कापडाने झाकल्या. ईस्टरच्या आदल्या रात्रीपर्यंत त्या तशाच राहणार. आगीपासून गाव राखणाऱ्या संतांना कापडाखाली शिरस्त्राण कशाला? मला हवंय, गावच्या नाटकासाठी. हिनेकने दिलेलं पुठ्ठ्याचं घामाने मऊ होतं आणि नाकावर उतरतं. सरदार बुर्यानचं काम असं करत नसतात.
शिरस्त्राणाखाली संतांना केसच नाहीत. नुसतं सपाट, किडलेलं लाकूड. बघवेना. वर परडी पालथी घातली आणि कापड सारखं केलं.
संकल्प: ईस्टरच्या आदल्या शनिवारी परत ठेवणे. ईस्टरनंतरच्या सोमवारी नाटकाचा प्रयोग आहे, त्याचं तेव्हा बघू.

९ एप्रिल
तालीम. नाटक हिनेकने लिहिलंय. गावच्या बंबदलाचा प्रमुख तोच. तो याला विनोदी म्हणतो. आपण काय लिहिलंय ते त्यालाच कळलेलं नाही. सरदार सात वर्षं राजकन्येला शोधत हिंडतो आणि ती शेजारच्या खोलीत बटाट्याचे गोळे वळत बसलेली असते. केवढं दुःख आहे यात!
“हे सुंदरी, तुझ्यापायी मी माझा घोडासुद्धा खाल्ला,” हे मी हृदयापासून म्हटलं. सगळे हसले. राजकन्या झालेली ओतिल्का तर जमिनीवरच बसली. नवखी माणसं. भावना झेपत नाहीत.
घरी आन्येझ्का म्हणाली, “सरदार, तलवार ठेव आणि कोंबड्या कोंड.” बायकोला कला कळावी, अशी माझी अपेक्षाही नाही.

११ एप्रिल
ड्रॅगन शिवायचं काम माझ्याकडे. धडासाठी हिनेकने बंबाचा जुना पाइप दिला. म्हणाला, “नव्याला हात लावलास तर बघ!” पण जुना कडक झालाय, वळत नाही. नवा कसा सापासारखा सरपटतो. बंबघराची एक किल्ली माझ्याकडेच असते. नवा घेतला, जुना त्याच्या जागी लाल कपाटात गुंडाळून ठेवला. खवले अडकवायला भोकं पाडावी लागली. बारीक आहेत. प्रयोग झाला की बुजवीन.
मार्चपासून पाऊस नाही.

१४ एप्रिल
बेकरीचं धुराडं पेटलं. बादल्यांवर भागलं. घरी कपाट उघडलं तर शिरस्त्राणाला धुराचा वास. हुंगून पाहिलं, आहेच. संत रागावले की काय? जपमाळ ओढली, मग बरं वाटलं. रागावले असते तर अख्खी बेकरी गेली असती.

१७ एप्रिल
फादर जाता जाता म्हणाले, “मेतोदेय, फ्लोरियान यंदा बुटके का दिसतात?” मी म्हटलं, कापड आटलंय. कापड आटतं. यात खोटं काहीच नाही.
पापनिवेदन उद्या नक्की.

१८ एप्रिल, शुभ शुक्रवार
पापनिवेदनाला मोठी रांग. म्हाताऱ्यांना पुढे सोडत राहिलो, तोवर फादर उठले. हेही एक पुण्यच.
चर्चमध्ये मांडलेल्या प्रभूच्या कबरीपाशी रिवाजाप्रमाणे बंबवाल्यांचा पहारा होता. हिनेक पुतळ्यासारखा उभा. मी मेणबत्ती बदलायला गेलो तर ओठ न हलवता पुटपुटला, “सोमवारी पुठ्ठ्याचंच घाल हं. त्यात दिसत नाही आणि तू खांबावर आपटतोस, तिथेच तर लोक लोळणार.” जळतो माझ्यावर. कबरीपाशी उभं राहून!
संध्याकाळपासून दक्षिणेचा वारा सुटलाय. कोरडा.

१९ एप्रिल, शनिवार, दुपार
चर्चच्या दारापुढे ईस्टरच्या शेकोटीची लाकडं रचत होतो. आशीर्वादासाठी कोकराच्या आकाराचा केक घेऊन ओतिल्का आली. म्हणाली, “कमी रच रे बाबा. भिंतीपलीकडे माझं गवत आहे, शेळ्या आहेत.” मी म्हटलं, “ओतिल्का, सगळं बंबदल इथेच तर उभं असणार.” ज्योत लांबून दिसायला हवी. दोन मोळ्या आणखी घातल्या.
शिरस्त्राण ठेवायला गेलो तर शिडी फुलं लावणाऱ्या बायांकडे. फ्लोरियानवरचं कापड आज काढायचं नाही. उद्या.

२० एप्रिल, ईस्टर
काल रात्री शेकोटीची ठिणगी वाऱ्याने भिंतीपलीकडे ओतिल्काच्या गवतात गेली. हिनेक ओरडला, “पाइप!” लाल कपाटातला पाइप जोडला, पाणी सोडताच फुटला. मग मीच तालमीच्या हॉलमधून ड्रॅगन आणला. डोळे, जीभ, सगळ्यासकट बंबाला जोडला. पाणी खवल्याखवल्यांतून उडालं. आम्ही सगळे भिजलो. गोठ्यावर थेंब पोचला नाही.
ओतिल्काने खांद्याने दार फोडून शेळ्या बाहेर काढल्या. केस जळलेलं एक करडू तिच्या पायात घुटमळत होतं. पलीकडच्या गावचा बंब आला तेव्हा नुसते वासे धुमसत होते.
मी घरी धावलो, शिरस्त्राण आणलं. लोक पाणी, राख तुडवत चर्चमध्ये आले होते. सगळ्यांदेखत शिडी चढलो, कापड ओढलं, ते संतांच्या डोक्यावर ठेवलं आणि खाली उतरून, गुडघे टेकून मोठ्याने म्हणालो, “माझ्यामुळे झालं. मी संतांना बोडकं केलं.”
कुणी रडलं नाही. कुणी हसलंही नाही.
हिनेक म्हणाला, “टोपीचं राहू दे, मेतोदेय. पाइपाला भोकं कुणी पाडली?”

२१ एप्रिल, सोमवार
ईस्टरच्या सोमवारच्या रिवाजाप्रमाणे विलोच्या छड्या घेऊन पोरं खाऊ मागत घरोघरी हिंडली. आमच्या दारी कुणी आलं नाही. ओतिल्काच्या शेळ्या आमच्या अंगणात बांधल्यात. आन्येझ्काने मला चहा दिला. सरदार म्हणाली नाही.
फादरांकडे जाऊन सगळं सांगितलं. आधी पाइप, मग मोळ्या, शिरस्त्राण शेवटी. मग ओतिल्काला सांगितलं. म्हणाली, “ठाऊक आहे. ती बादली इकडे कर.” दूध काढून होईपर्यंत उभा राहिलो.
प्रयोग होणार म्हणे. लोकांना आज हसायला हवंय, असं हिनेकचं मत.
दुपारभर बंबघरात बसून ड्रॅगन उसवला. खवले, डोळे, जीभ. भोकांवर ठिगळं लावली. पाणी सोडून पाहिलं, अजून गळतं. हिनेकला म्हटलं, नवा आणावा लागेल. आता ड्रॅगन नाही, तेव्हा सरदाराला काही काम नाही, मी येत नाही. राहा म्हणेल, असं वाटलं होतं.
तो म्हणाला, “बरं.”
बंबघराची किल्ली त्याच्या हातात ठेवून घरी आलो.