धरतील, न धरायला काय झालं!

३ मार्च, सोमवार
ओट्यामागच्या भिंतीला टाइल्स मी स्वतः लावणार. ठरलं. बायको सोळा तारखेच्या रविवारी ऑनलाइन बेकिंगचा वर्ग सुरू करतेय. पहिलाच. कॅमेऱ्यात तिच्यामागे हीच भिंत दिसणार. ती म्हणाली, कारागीर बोलवू या. मी म्हटलं, घरात माणूस असताना? तिने विचारलं, कोण? दुर्लक्ष केलं.

४ मार्च
प्रश्न एकच, टाइल्स कशावर बसवायच्या? साडूने आगाऊ सल्ला दिला. (बायको तिच्या बहिणीशी फोनवर बोलत होती, हा मध्ये घुसला.) म्हणे जुना ऑइलपेंट खरवडा, खालचं प्लास्टर छिन्नीने टोचून खडबडीत करा, तरच भिंत टाइल धरते. दुकानदार म्हणे रंगावर सिमेंटचा बोर्ड ठोका. दोघांचं एकमत नाही, म्हणजे दोघांनाही कळत नाही. मी भिंतीवरून हात फिरवला. गुळगुळीत, चकचकीत. असल्या भिंतीला छिन्नी लावायची? टाइल्स थेट ऑइलपेंटवर!

६ मार्च
बायको म्हणते, तो ऑइलपेंट मुद्दाम मारून घेतला होता, भिंतीला काही चिकटू नये म्हणून. तळणाचं तेलसुद्धा एका फडक्यात निघतं. मी म्हटलं, तेल वेगळं, टाइल वेगळी. ती म्हणाली, भिंत तीच आहे. मी टाइल्स आणायला निघालो.

९ मार्च, रविवार
झालं! पांढऱ्याशुभ्र टाइल्स. एक रांग जराशी चढत गेलीय, पण ती डिझाइन म्हणून खपेल. साडूला फोटो पाठवला. उलट उत्तर : धरल्या का? जळतात लोक.

१२ मार्च
सकाळी किटलीमागची टाइल खाली आली. पडली म्हणता येणार नाही, उतरली. पाठीला ऑइलपेंटचा पापुद्रा घेऊन. म्हणजे माझं चिकटवणं पक्कं, सुटला तो रंग. आणि रंग मी मारलेला नाही. परत लावली.

१३ मार्च
बायको सरावाचा केक करत होती. ओव्हन तापला, वाफ झाली, टाइल थेट पिठात. ती ओरडली असती तर बरं. तिने टाइल पिठातून काढून पुसली. मग म्हणाली, नोकरी सुटल्यापासून पहिल्यांदा स्वतःचं काही करतेय हो. वाईट वाटलं. खरंच वाटलं. कारागीर बोलवतो, हे अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात साडूचा मेसेज : आहेत का अजून भिंतीवर?
कारागीर रद्द.

१४ मार्च
घरात शांतता. टाइल्सनी भिंत धरली नाही, पण बायकोने अबोला छान धरलाय.

१६ मार्च, रविवार
वर्ग सुरू झाला आणि फ्रिजजवळची रांग हलली. खाली तिच्या काचेच्या बरण्या. मी फ्रिजच्या आड, कॅमेऱ्याबाहेर, दोन्ही तळवे टाइल्सवर दाबून उभा. वर्ग संपेपर्यंत. नाक खाजत होतं, सांगायचं कुणाला?
बायको मात्र काय बोलली! मी कधी ऐकलंच नव्हतं तिला असं बोलताना. साच्याला आतून तेल लावा म्हणाली, म्हणजे काही चिकटत नाही. आमच्या घरी खात्री करून झालीय. सगळ्या हसल्या. मग एकीने विचारलं, मागच्या टाइल्स कुणी लावल्या? बायको म्हणाली, आमच्या ह्यांनी. त्या बाईने विचारलं, टिकल्यात ना? बायकोने फ्रिजकडे बघितलं. म्हणाली, हो, धरून आहेत अजून.
कॅमेरा बंद करून ती जवळ आली. बरण्या बाजूला घेतल्या आणि म्हणाली, सोडा आता.
टाइल्स की हट्ट, ते सांगितलं नाही. मी टाइल्स सोडल्या.