एकशिंगी बैल

बुधवार, संध्याकाळ

रामदासपेठेतल्या त्या मातीकामाच्या वर्गाने आज डोकं फिरवलं. अल्झायमरच्या पेशंटना कलेने बरं वाटतं म्हणे. वाटत असेल! बाबा दर आठवड्याला बैलच करतात, आणि त्याला एकच शिंग. ‘चुका काढू नका,’ असं तिथल्या मॅडमनी बजावलं होतं. पण किती दिवस बघायचं? आज मी दुसरं शिंग वळलं आणि चिकटवून दिलं. बाबांनी सगळ्यांसमोर माझ्या हातावर फटका मारला.

मॅडमनी विचारलं, ‘काका, काय झालं?’

‘आमच्या काटोलच्या बैलाले एकच शिंग होतं. दुसरं मोडलं होतं. हे मायी पोरगी, हिले काय मालूम? तवा हे झालीच नोती!’

औषधं मी द्यायची, आंघोळ मी घालायची, आणि मलाच काही मालूम नाही!

पोरगी म्हणाले. घरात कित्येक महिने मला ‘नर्सबाई’ म्हणतात. आज पोरगी म्हणाले, तेही माझी तक्रार करताना.

बैल आता फ्रिजवर वाळतोय. दुसरं शिंग अजून ओलं होतं. मीच उपटून टाकलं.