आईला निराधार लिहायचं होतं

आबा, तुम्हाला लिहायचं कधीपासून घोळतंय, पण बसलो की काहीतरी निघतंच. कधी म्हैस सुटते, कधी घाटाकडून धुकं उतरतं आणि मी पेन धरून त्याच्याकडंच बघत राहतो. आजही धुकं पार अंगणात आलंय, आई आत झोपलीय, आणि मला तुम्ही दिसताय, रस्त्याकडेच्या दगडांना चुना लावताना. तुम्ही मैलकुली, तेही रोजंदारीवरचे; दरड पडली की फावडं घेऊन पहिले पळायचात. मी शाळा बुडवून मागं आलेलो. ‘आबा, ह्यो रस्ता पुढं कुठं जातो?’ ब्रश न थांबवता तुम्ही म्हणता, ‘महाडला. पर तू आदी चुन्याचा डबा धर.’ तोवर मी डबा ठेवून वळणापर्यंत गेलेलो असतो. तसाच जात राहिलो म्हणा ना. तुम्ही गेलात आणि नववीत शाळा सुटली, मग किकवीच्या ढाब्यावर, मग टेम्पोवर, मग पालीला गडावर जाणाऱ्यांची ओझी उचलली. कुठंच वर्ष भरलं नाही.

शिमग्यानंतर आईची डावी बाजू गेली, तेव्हा हिर्डोशीला घरी आलो तो अजून इथंच आहे. तिला कुशीवर वळवतो, नाचणीची पेज भरवतो. अंघोळ मात्र माझ्या हातनं नको म्हणते. त्यासाठी खालच्या वाडीतल्या काकू येतात, स्वतःचा रोज बुडवून. परवा म्हणाल्या, ‘लावणी लागली की न्हाई जमायचं, लेकरा. माझ्या घरीबी चूल हाय.’ त्यांना दर महिन्याला काही देता आलं तर त्या येतील. कुणीतरी सांगितलं, सरकारच्या निराधार योजनेतून तेवढं मिळतं. म्हणून भोरला तहसीलीत गेलो. खिडकीतनं साहेबांनी विचारलं, ‘पोरगा कमावता आहे का?’ मी म्हटलं, ‘कधीमधी.’ ते म्हणाले, ‘कधीमधी असं लिहिता येत नाही, बाबा. तलाठी मॅडम घरी येऊन बघतील.’

त्या यायच्या दिवशी आईनं सकाळपासून काकूंना कामाला लावलं. तेल घालून विंचरायला लावलं, ठेवणीतलं लुगडं नेसली, भिंतीला टेकून बसली. मी कानात सांगितलं, ‘आई, आज नुसती पडून ऱ्हा. इचारलं तर म्हण, बघायला कुणी न्हाई.’

‘का? तू मेला का?’

झटक्यानंतर तिची जीभ जड झालीय, निम्मं बोलणं कळत नाही. पण मॅडमनी विचारलं, ‘आजी, तुमचं सगळं कोण करतं?’ तर काय सांगू, लख्ख बोलली. ‘ह्यो हाय की! फुलावानी उचलतो मला. निराधार आसतील दुसऱ्या.’ काकू मागनं म्हणतायत, ‘आवो वैनी, गप बसा की!’ मॅडमनी पेनाला टोपण घातलं, चहा घेतला आणि गेल्या. कप विसळता विसळता काकू मला म्हणाल्या, ‘घाल आता तूच अंघुळ. लई गुणाचा ना तू!’

संध्याकाळ झाली की आई विचारते, ‘त्ये आलं का घाटातनं?’ म्हणजे तुम्ही. मी म्हणतो, येतायत, धुकं हाय ना. मग ती डोळे मिटते, आणि खरंच वाटतं, रस्त्यानं कुणीतरी फावडं टेकत येतंय. एवढी वर्षं तुमच्यावाचून काढली, मीही असा कुठंतरी, तरी ती स्वतःला निराधार म्हणवून घेत नाही. तो शब्दच तिला शिवीसारखा लागतो. पण त्या शब्दावाचून काकू यायच्या नाहीत.

हे पाठवायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकतो. ती ‘ह्यो हाय की’ म्हणाली तेव्हा मी कपाळावर हात मारला, पण आतनं मला बरं वाटलं. मी कुठंतरी आहे, असं आजवर कुणी म्हटलंच नव्हतं.

थांबा, अंगणात स्कूटर वाजली. धुक्यातनं तलाठी मॅडमच येतायत, एकट्याच. दारातनं हळूच विचारतायत, ‘आजी झोपल्यात ना? बरं झालं. अर्ज अजून कोराच ठेवलाय. आता तू सांग.’