ओसाड माळावरची बाग

बाबा, तुम्ही ज्याचा इतिहास लिहिलात, त्या सरदारांच्या बागबंगल्याचा आता पार्टी प्लॉट झाला आहे. मांजलपूरच्या पुढे, जिथे तुम्ही सायकलवरून उतरून शेवटचा टप्पा पायी जायचात, कारण सरदारांच्या फाटकापुढे सायकलवर बसून जाणं तुम्हाला उद्धटपणाचं वाटे, तिथे आता वऱ्हाडाच्या गाड्या उभ्या राहतात. कारंज्यात प्लॅस्टिकची कमळं तरंगतात. दिवाणखान्याचा एसी हॉल केला, तेव्हा तुमचं लाडकं दफ्तर, रुमालांत बांधलेले सगळे मोडी कागद, रद्दीत गेले. ज्यांच्यासाठी तुम्ही डोळे फोडून घेतलेत, त्यांना मोडी सोडाच, चार ओळी मराठीही धड लिहिता येत नाहीत.

किती रविवार घातलेत तुम्ही तिथे! सुटीच्या दिवशी इस्त्रीचा कोट चढवून फुकट राबायला जाणारा असा दुसरा कारकून अख्ख्या बडोद्यात नसेल. मी कॉलेजात असताना एकदा तुमच्याबरोबर आले होते. बाईसाहेबांनी कान तुटलेल्या कपातून चहा पाठवला आणि तुम्ही तो उभ्याउभ्या प्यायलात. बसा असं कुणी म्हटलं नव्हतं ना! मला तेव्हा तुमची कीव आली नाही, किळस आली.

त्याच दिवशी मी तुमची कच्ची वही वाचली. मोडीतून उतरवलेला हुकूम, तुमच्या सुबक अक्षरात. बागेच्या जागी गाव आहे, चुलींचा धूर बंगल्यावर येतो, म्हणून लोकांना उठवून नाल्यापलीकडे बसवावं; त्यांच्या देवीची देरी, ते छोटंसं देऊळ, मात्र हलवू नये, वर्षातून एकदा त्यांना पूजेला येऊ द्यावं. आणि छापलेल्या पुस्तकात काय? ओसाड माळावर सरदारांनी नंदनवन फुलवलं आणि उदार मनानं माळ्यांसाठी देरी बांधून दिली! मी विचारलं तर तुम्ही माझ्यावरच डाफरलात, "मोठ्या घरातलं सगळं चव्हाट्यावर मांडायचं नसतं. खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं." कुठलं मीठ, बाबा? बशीत दोन बिस्किटं होती, तीही सादळलेली.

यंदा देरीच्या वाटेला कुलूप लागलं. नाल्यापलीकडच्या बायका दरवर्षीसारख्या लापशीचा नैवेद्य घेऊन गेल्या, तर सरदारांचा नातू तुमचं पुस्तक नाचवत फाटकात आला. "जुओ, अमारा दादाए बंधावेली छे. अमारी मरजी." आजोबांनी बांधली म्हणे, म्हणून मर्जी त्याची. वर त्यानं मलाच फोन केला. "मावशी, फाटकावरच्या बोर्डासाठी बाबांच्या पुस्तकातून चार ओळी काढून द्या ने. जरा रॉयल लागलं पाहिजे." रॉयल! पाहुण्यांच्या जेवणाच्या थाळ्या मोजणारा माणूस.

मग त्या बायकांमधली सगळ्यांत म्हातारी माझ्याकडे आली. "बेन, तमारा बापुजीए बधा कागळ वांचेला. अमारुं गाम त्यां हतुं, एटलुं लखी आपो ने." तुम्ही सगळे कागद वाचले होते, म्हणून आमचं गाव तिथे होतं, एवढंच तिला माझ्याकडून लिहून हवं होतं. मी लिहून कशाला देऊ, तुमची वहीच काढून तिच्या हातात ठेवली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. तुमच्या जन्मभराच्या लाळघोटेपणाचं एका मिनिटात उट्टं काढलं असं वाटलं.

पण वाटेसाठी दावा लावलेल्या त्या बायकांचा वकील म्हणतो, मूळ कागद गेले, तुम्हीही राहिला नाहीत, तेव्हा ही वही कुणाची ते मुलीनं शपथेवर सांगायला हवं. कागद टाइप होऊन आला आहे. हे अक्षर माझ्या वडिलांचं, गाव उठवल्याचं त्यांना माहीत होतं, तरीही त्यांनी पुस्तकात खोटं छापलं, असं त्यात माझ्या तोंडी घातलं आहे. एकही शब्द चुकीचा नाही. मनातल्या मनात हेच मी तुम्हाला इतकी वर्षं ऐकवत आले आहे, याहून वाईट शब्दांत. सोमवारी तारीख आहे. मी सही केली नाही तर ती वाट त्यांना कायमची बंद होईल, हे मला पुरतं कळतं. तरी कोर्टात सगळ्यांसमोर तुम्हाला खोटारडे ठरवणारी ती सही करायला माझा हात उचलत नाही.

आज सकाळी ती म्हातारी पुन्हा आली होती. बेन, बेन करत बराच वेळ दार वाजवत राहिली. मी आतच होते, बाबा. उठले नाही.