चौदाव्या प्रकरणातला रुपराव

१२ जानेवारी १९७०
रुपराव मेला. आज सकाळी, चौदाव्या प्रकरणात. बर्फात, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. लिहून झालं आणि लाज वाटली, कारण प्रकरण चांगलं झालं होतं!

खरं काय झालं ते कोणालाच ठाऊक नाही. बासष्टच्या नोव्हेंबरात, चीनच्या लढाईत, आमची पलटण नेफातून मागे हटत होती. जंगलातल्या एका वळणापर्यंत रुपराव माझ्या मागे होता. वळणानंतर नव्हता. सरकारदरबारी तो अजून 'बेपत्ता'च आहे. माझ्या पायाची बोटं बर्फाने नेली, मला घरी पाठवलं. तेव्हापासून ही कादंबरी लिहितोय.

प्रकाशक दत्तोपंत म्हणाले होते, "विश्वनाथराव, बेपत्ता हा काही शेवट नव्हे. वाचकाला असं लटकवून ठेवू नका."
वाचकाला!

१३ जानेवारी
बायकोला वाचून दाखवलं. डोळे पुसले तिने. मग — "नाव तरी बदला त्याचं."
बदलून पाहिलं. दुसऱ्या नावाचा माणूस एक पाऊल चालेना.

१७ जानेवारी
सीताबर्डीपर्यंत पायी गेलो. परत आलो. कशाला गेलो होतो?

२० जानेवारी
खाप्याला, रुपरावच्या गावी, जाऊन आलो. त्याच्या घरच्यांना न सांगता छापणं जमलं नसतं. त्याची आई मनकर्णाबाई वावरात गेली होती. दर दिवाळीला त्याच्या मापाचा सदरा शिवून घेते म्हणे! घरी त्याची बायको गोपिकावहिनी एकट्याच. कपाळावर ठसठशीत कुंकू. सगळं सांगितलं.
"तुम्ही पायलं काय त्यायले मरताना?"
"नाही."
"मंग काहून मारलं?"
चहा न पिताच निघालो.

२१ जानेवारी
चौदावं प्रकरण फाडायचं. ठरलं.

२४ जानेवारी
फाडलं नाही. त्याला जिवंत परत आणून पाहिलं — दारात उभा केला. तेही खोटं! खुर्चीत बसवत नाही, नुसत्या येरझारा घालतो. बायको म्हणते, "अंगणातली फरशी झिजवाल."

२९ जानेवारी
गोपिकावहिनी आल्या, एकट्या, खाप्याच्या बसने. पाणीही नको म्हणाल्या.
"ते लिहिलेलं फाडलं काय, भाऊजी?"
"आज फाडतो."
"फाडू नका. माह्या सासूले वाचून दाखवा."
मला कळेना.
"सात वर्षं झाली. बाया मले हळदीकुंकवाले बोलवत नाही अन् विधवाबी म्हणत नाही. माहेरी जातो म्हटलं तर सासू म्हणते, तो आला तर? मी तं दोन्हीकून गेली. रांडाव म्हणा, काहीबी म्हणा, पण काहीतरी एक म्हणा मले!"
"वहिनी, ते खोटं आहे."
"तुमच्या पुस्तकात खोटं चालते. माह्या घरी काहून नाही चालत?"
बायको आतून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन त्यांच्याजवळ बसली. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

२ फेब्रुवारी
कादंबरीसाठी मारायला एक सकाळ पुरली होती. आता त्याच्या आईसाठी मारायचा तर पानं उचलवत नाहीत.

८ फेब्रुवारी
वाचलं, खाप्यात, ओसरीवर. पुस्तकातलं आहे असं म्हटलंच नाही. मनकर्णाबाई तूर निवडत होत्या. मध्येच त्यांचा हात थांबला. माझं वाचून झालं. उठून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. गोपिकावहिनी खांबाला धरून होत्या. मला वाटलं, पळावं!

२२ फेब्रुवारी
आज कन्हानच्या काठी, देह नाही म्हणून रीतीप्रमाणे पळसाच्या काड्यांचा रुपराव केला आणि जाळला. सगळं गाव आलं होतं. धूर खाली बसल्यावर मनकर्णाबाईंनी माझा हात धरला.
"जाताना माह्याबद्दल काही बोलला काय गा?"
चौदाव्या प्रकरणात तो एक शब्दही बोलत नाही.
"बोलला, माय," मी म्हटलं — आणि सांगायला खाली बसलो.