दोघींना सहा खोल्या

३ फेब्रुवारी
घरपट्टी आली. गेल्या वर्षीच्या दीडपट! हे गेले तेव्हापासून वरच्या तीन खोल्या बंदच आहेत, पण कर काही बंद होत नाही. दिवसभर शाळेचे गणवेश शिवायचे आणि ते सगळं पालिकेच्या घशात घालायचं.

मुलाला फोन केला. त्याचं ठरलेलं उत्तर — “आई, दोघींना सहा खोल्या कशाला? विकून टाक, लहान जागा घे.” चुकीचं नाही बोलत. बायको-मुलीसह परगावी बसून बोलायला सोपं, एवढंच.

सासूबाईंना कोण सांगणार? मीच. आहे कोण दुसरं!

५ फेब्रुवारी
सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. “माझ्या मुलानं बांधलेलं घर आहे. मी मेल्यावर काय ते करा.” उठून खोलीत गेल्या. भाजी तशीच.

१२ फेब्रुवारी
अबोला. आठवा दिवस. त्र्याऐंशीव्या वर्षी काय हा चिवटपणा!

२० फेब्रुवारी
दोन खोल्यांची एक जागा पाहिली. तळमजला, बाजार जवळ. टेप लावून मोजली. शिलाई मशीन खिडकीशी बसेल. कपाट एकच मावेल. जिना नाही — गुडघे खूश. आवडली असं म्हणवत नाही. परवडते.

१ मार्च
घर बघायला नवरा-बायको आले. बरी माणसं वाटली. मी चहा ठेवायला आत गेले आणि सासूबाईंचा अबोला नेमका तेव्हा सुटला! स्वयंपाकघराची भिंत पाझरते, मोरी तुंबते, माळ्यावर उंदीर — सगळं साग्रसंगीत. वर, “माझा मुलगा याच खुर्चीत गेला.” त्या बाई त्याच खुर्चीत बसल्या होत्या. ताडकन उठल्या. चहा न घेताच दोघं गेले.

हसावं की रडावं! मग मी बोलले. नको इतकं बोलले. “तुमच्या मुलाचं घर झाडता-पुसता माझी कंबर गेली, ती नाही दिसत तुम्हाला?”

सासूबाई हळूच म्हणाल्या, “लहान घरात मला कुठे ठेवशील?”

म्हणजे ही धास्ती होती! नणंदेनं फोनवर वृद्धाश्रमाचं काहीतरी डोक्यात भरवलेलं. “माझ्याजवळ. आणखी कुठे?” मी म्हटलं.

खरं सांगायचं तर माझ्याही मनात एकदा येऊन गेलं होतं. कुणाला सांगायची नाही. इथं लिहिलं, बस.

९ मार्च
दुसरं गिऱ्हाईक. आज सासूबाई घराचं इतकं कौतुक करत होत्या की भिंतीचं मलाच सांगावं लागलं! तरी घेतलं त्यांनी.

१७ एप्रिल
सामान काढतेय. यांचे अकरा शर्ट. दहा देऊन टाकले. पुढचं लिहायला त्राण नाही.

२ मे
आलो नव्या जागेत. पाठ धरली आहे.

२३ मे
विजेचं बिल तिसऱ्या हिश्श्यावर आलं! झाडलोट पंधरा मिनिटांत. दुपारी चक्क झोपले. दोघी एकाच खोलीत. त्या घोरतात. मीही घोरते म्हणे — “मशीन चालल्यासारखी!”

हे गेल्यापासूनच्या चार वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आता जमेल.

६ जून
मुलाचा फोन. नोकरी गेली. दोन महिने झाले, सांगायचा धीर होत नव्हता म्हणे. राहती जागाही सोडावी लागतेय. “आई, आम्ही तिघं तुझ्याकडेच येतो. आता कायमचेच.”

“या,” म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

सासूबाईंनी ऐकलं होतं. उठल्या आणि दोन्ही हातांनी आपली खाट भिंतीकडे सरकवायला लागल्या.